सातव्या महिन्याचा युनिफॉर्म

"पोट ओढू नको वं. खरं माप दे."

कमरेभोवती हात घालायच्या आधी मावशी हे म्हणायच्याच आणि म्हणता म्हणता बरगडीखाली दोन बोटांनी टिचकी मारायच्या. समोर नववीतली पोरगी असो की तिची आजी, माप देताना बाई श्वास आत ओढते म्हणजे ओढतेच. मग ब्लाउज घट्ट झाला की शिवणारीशी भांडायला येते. मावशींनी त्यावर हा टिचकीचा उपाय काढला होता. माणूस दचकतो, श्वास सुटतो आणि तेवढ्यात त्यांचं माप होऊन जातं.

तुमच्याही गल्लीत अशी कोणी शिवणारी असेल. आमच्या मावशींचं दुकान लकडगंजमध्ये पिठाच्या गिरणीला लागून होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक मशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकासाठी जुन्या साडीचा पडदा. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे वही नाही, पावती नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक कापडी पट्टी असायची. ती पट्टी अंगाभोवती धरायची आणि कात्रीने बारीक खाच पाडायची. छातीची एक खाच, कमरेच्या दोन जवळजवळ, मनगटाची तिरपी. खिळ्यांवर अशा शेकडो पट्ट्या लटकलेल्या, एकीवरही नाव नाही.

"मावशी, कळते कसं तुम्हाले कोणाची कोणती?"

"तुले तुझ्या घरचे लोक चेहऱ्यानं कळतात न? मले असे कळतात."

माझ्याबद्दल थोडं सांगते. माझे बाबा इतवारीत धान्याची पोती उचलायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले तेव्हा बाबांनी कौतुकाने माझी डिग्री लॅमिनेट करून आणली. ती लॅमिनेट करायची नसते हे आम्हाला सांगणारं घरात कोणी नव्हतं. बुटीबोरीच्या कापड कंपनीत इंटरव्ह्यूला गेले तेव्हा साहेबांनी ती चकचकीत डिग्री उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि हसले. पण घेतलं मला. क्वालिटी लॅबमध्ये ट्रेनी. वर्षभर काम बघणार, मग कन्फर्म करणार. कन्फर्म म्हणजे कायम. कायम नोकरी ही गोष्ट आमच्याकडे कोणीच पाहिली नव्हती. बाबांनी नाही, आणि माझा नवरा दुसऱ्याच्या दुकानातून एसी दुरुस्त करत फिरतो, त्यानेही नाही. त्या एका पत्रासाठी मी रोज सकाळी सहाच्या बसला उभी राहायची.

ट्रेनिंगला पाच महिने झाले आणि मला दिवस गेले.

आनंद झाला नाही असं नाही. पण माझ्या जागेवर आधी जी मुलगी होती, तिने पोटुशी असताना सहाव्या महिन्यात राजीनामा दिला होता, हे मला माहीत होतं. तिला काढलं कोणीच नव्हतं. काढतील या भीतीने तीच आधी निघून गेली. म्हणून आम्ही नवराबायकोने ठरवलं, पत्र हातात पडेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. कंपनीत नाही, घरी नाही, गल्लीत तर नाहीच.

मावशींना सांगावं लागलंच नाही. दुसऱ्या युनिफॉर्मचं कापड घेऊन गेले होते. निळा फुल बाह्यांचा शर्ट आणि पँट. कापड कंपनीचं, शिलाई आपली. मशीनजवळ जावं लागतं म्हणून लोंबणारं काही चालत नाही. ओढणी नाही, सैल घेर नाही, कफाची बटणं लावलेली पाहिजेत. मावशींनी टिचकी मारली, पट्टी गुंडाळली आणि थांबल्या. पुन्हा गुंडाळली.

"कंबर तेवढीच हाय. छाती वाढली, अन् बरगड्या फाकल्या. कितवा वं?"

"काय कितवा?"

"मले वाचता नाही येत. दिसते तर."

मी पडद्याकडे पाहिलं, कोणी नव्हतं. "तिसरा लागला," म्हटलं.

"कोणाकोणाले माहीत हाय?"

"फक्त ह्यांना."

"मंग मी दुसरी," मावशी म्हणाल्या. या दुसऱ्या नंबराचा त्यांना पुढे कायम अभिमान वाटला. माझ्या सासूबाई पाचव्या आल्या हे त्यांनी सासूबाईंनाही सांगून टाकलं होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं, पत्राचं, आधीच्या मुलीचं. तोंडातल्या टाचण्या काढून त्यांनी नीट ऐकलं. "म्हणजे तुझं पोट झाकाचं, पण लोंबलं काही नाही पायजे. बापा! कंपनीनं तुझी नाही, माझी परीक्षा लावली." आणि खरंच, त्या शर्टाला त्यांनी खांद्यापासून अशा काही चुण्या टाकल्या की समोरून माणूस सरळ दिसावा.

पोट झाकता आलं. बाकीच्या शरीराचं काय करायचं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

उलट्या होतात हे मला माहीत होतं. उलट्या मला झाल्याच नाहीत. झालं ते भलतंच. तोंडात सारखी लोखंडाची चव, जणू कोणी खिळा चघळायला दिला आहे. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त. मानेवर काळा पट्टा आला. तो मळ समजून आठवडाभर बेसनाने घासला आणि मान सोलून निघाली. माझी पाच नंबरची सेफ्टी बुटं पायात जाईनात. पाय सुजतात हे ऐकलं होतं, पण मावशींनी वर्तमानपत्रावर पाऊल ठेवायला लावून पेन्सिल फिरवली आणि म्हणाल्या, "सूज नाही, पाऊलच वाढलं." मी हसले. पण आज माझी मुलगी चालते आहे आणि मी अजूनही सहा नंबरच घालते.

आणि घोरणं! मी, जिच्या झोपेत श्वासही ऐकू यायचा नाही, ती मी घोरायला लागले. नवऱ्याने फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. मी म्हटलं, हे तुम्ही गिरणीतून रेकॉर्ड करून आणलं. मावशींकडे हा खटला गेला तेव्हा त्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. "नाक फुगलं तुझं. आतूनही फुगलं असन. जावई खरं बोलून राहिले."

नाकाची दुसरी गंमत म्हणजे वास. मला सगळ्याचा वास येऊ लागला. बसमध्ये चार सीट मागच्या डब्यात कोणती भाजी आहे, ते मी सांगायची. एकदा मावशींकडे बसले होते. म्हटलं, मावशी, काहीतरी जळून राहिलं. त्या म्हणाल्या, काही नाही जळत. मी म्हटलं, रबराचा वास आहे. शेवटी चिडून त्यांनी इस्त्रीचा प्लग काढला, तर वायर आतून वितळायला आली होती आणि खाली एका नवरीचा शालू पसरलेला. त्या दिवसापासून मावशी गिऱ्हाइकाने आणलेलं कापड आधी माझ्या नाकाशी धरायच्या. "सांग बरं, ओलं ठेवलं होतं का हे?" लॅबमध्येही याचा फायदा झाला. डाइंगमधून, म्हणजे रंगाईतून, आलेल्या कापडात केमिकल राहिलं आहे हे मी टेस्टच्या आधी सांगायची आणि टेस्ट तेच सांगायची. साहेब म्हणाले, "मॅडमचं नाक मशीनपेक्षा भारी आहे." नाकामागचं कारण त्यांना कुठे ठाऊक!

एक दिवस लॅबमध्ये खिशात फोन थरथरल्यासारखं झालं. थोडं थांबून पुन्हा. पुन्हा. मी खिशात हात घातला, तर फोन नाहीच. फोन तर गेटवर जमा करावे लागतात. ती थरथर माझ्या आत होती. संध्याकाळी मावशींना सांगितलं तर त्यांनी मशीनवरचा पाय थांबवला.

"उचकी लागली त्याले."

"पोटातल्या बाळाला उचकी लागते?"

"मंग? तुले काय वाटलं, ते आत डिग्री घेऊन बसलं हाय?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की गिरणीवाला बघायला आला.

असे सहा महिने भरले. दर पंधरा दिवसांनी मावशी शिलाई उसवायच्या, जराशी सोडायच्या, पुन्हा मारायच्या. माझ्या पट्टीवर इतक्या खाचा झाल्या होत्या की ती करवतीसारखी दिसायची. सातवा लागला तरी कंपनीत कोणाला संशय नव्हता. पत्राला एकच महिना उरला होता आणि मला वाटत होतं, मी जिंकलेच.

एका सोमवारी सकाळी डाव्या हाताच्या कफाचं बटण लागेना. उजव्या हाताचंही नाही. कफ उघडे ठेवून मशीनजवळ जाता येत नाही. मी बसच्या आधी मावशींचं दार वाजवलं. त्या दुकानाच्या मागेच राहायच्या.

"मावशी, हे बटण जरा सरकवून द्या न. दोन मिनिटांचं काम आहे."

त्यांनी खिळ्यावरची माझी पट्टी काढून मनगटाला धरली. तिरपी खाच पुढच्या टोकापर्यंत पोचेना. "ही खाच आठ दिवसांची हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्या हाताच्या पाठीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"डोकं दुखते?"

"दोन दिवसांपासून. झोप झाली नाही म्हणून असेल."

"डोळ्यापुढे चमकते?"

काल संध्याकाळी भिंतीवर काजवे दिसल्यासारखं झालं होतं.

"बटन नाही सरकवत मी."

"मावशी, बस जाईल माझी!"

"जाऊ दे. पाय सुजले असते त मी काही म्हटलं नसतं. हात अन् तोंड आठ दिवसांत असं नाही सुजत वं." त्या शटरची किल्ली शोधत होत्या. माझ्याकडे पाहत नव्हत्या. "माझी बांगडी कापा लागली होती. दिवाळीचं काम होतं, म्हटलं, एवढे ब्लाउज देतो अन् मंग जातो दवाखान्यात. ब्लाउज झाले सगळे. पोरगं नाही राहिलं."

मावशींना एक मुलगी आहे, रायपूरला दिलेली, एवढंच गल्लीला माहीत होतं. तिच्या आधीचं हे कोणाला माहीत नव्हतं. या गोष्टीत माझा नंबर कितवा होता, मी विचारलं नाही.

ऑटोत त्यांनी माझं मनगट हातात धरून ठेवलं होतं. डॉक्टरबाईंनी बीपी पाहिलं, लघवी तपासली आणि म्हणाल्या की अजून वेळ गेलेली नाही, पण चार दिवस उशीर केला असता तर गेली असती. औषध लिहून दिलं. आठ तास उभं राहून काम बंद. मंगळवार-शुक्रवार तपासणी. डोकं पुन्हा तसं दुखलं तर तासही थांबायचं नाही.

बाहेर बाकावर बसून मी रडायला लागले. "एकच महिना होता, मावशी. आता सांगितलं की गेलं सगळं."

"कोण म्हणते?"

"सगळेच म्हणतात."

"कागदात लिहिलं हाय का?"

मी कागद वाचलाच नव्हता. जॉइन होताना मिळालेलं पत्र घरी बाबांनी लॅमिनेट केलेल्या डिग्रीखाली तसंच पडलं होतं.

"मले वाचता आलं असतं त," मावशी म्हणाल्या, "मी कोणाच्या म्हणण्यावर नसती गेली. तू शिकली काहून मंग? वाच न."

आयुष्यात मला कोणी इतकं लागेल असं बोललेलं नाही. दुपारी मी ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. मग फोनवर बाळंतपणाच्या रजेचा कायदा वाचला, जड भाषेतला, एकेक वाक्य दोनदा. दिवस गेलेल्या बाईला त्या कारणावरून काढता येत नाही. सोपं काम मागायचा तिला हक्क आहे. सगळं लिहिलेलं होतं. सहा महिने मी जिला घाबरले, ती ओळ कुठेच नव्हती.

संध्याकाळी मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच नवं निळं कापड फळीवर पसरलं. "आता झाकाचं नाही. आता असा शिवतो की साहेबानं उभं राहून पाहिलं पायजे. सांग मले, मशीनमध्ये काय काय अडकते?"

बुधवारी सकाळी युनिफॉर्म तयार होता. पोटाला गोल जागा, दोन्ही कुशींना निळ्या बनियनच्या कापडाच्या ताणणाऱ्या पट्ट्या. खाली घेर नाही, अंगासरशी बसणारी किनार. कफाला एकाऐवजी तीन टिचबटणं, सूज कमी-जास्त होईल तशी लावायला. पेनाचा खिसा छातीवरून काढून बाहीवर, कारण छाती दुखते हे मी कधीतरी बोलले होते. मी आरशात पाहिलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी पोटुशी बाई दिसत होते, आणि कामाला निघालेली दिसत होते.

बसमध्ये चढले तेव्हा ड्रायव्हरने गाडी सुरू करायची सोडून पाहिलं. लॅबमध्ये साहेब चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, हे... हे कधीपासून?"

"सातवा सुरू आहे, सर."

"सातवा! आणि कोणालाच कळलं नाही? अहो, आपलं क्वालिटी डिपार्टमेंट आहे!"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मी हसले नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, माझा अर्ज आणि कायद्याचा कागद टेबलावर ठेवला. "मला बसून काम करायला उंच स्टूल पाहिजे, सर. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन तास पाहिजेत. तुमचा एकही रिपोर्ट उशिरा जाणार नाही. आणि कन्फर्मेशन माझ्या कामावर व्हावं, एवढंच म्हणणं आहे."

साहेब बराच वेळ कागद वाचत राहिले. "ऑफिसशी बोलतो," म्हणाले. त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी काही नाही. शनिवारी सकाळी माझ्या टेबलाजवळ उंच स्टूल होतं.

मी एकही रिपोर्ट उशिरा दिला नाही. वर्ष भरलं त्या आठवड्यात साहेबांनी बोलावून पाकीट हातात दिलं. पहिली ओळ वाचली आणि उरलेल्या ओळी दिसेनात. बाबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "हेही लॅमिनेट करू काय?" पुढच्याच महिन्यात डॉक्टरबाईंनी, आता थांबायला नको, म्हणून दाखल करून घेतलं. मुलगी झाली. जराशी लहान, पण आवाज असा की बाहेर बसलेल्या मावशी म्हणाल्या, "दम हाय पोरीत." माझं बीपी उतरलं, बोटं पुन्हा बोटांसारखी दिसू लागली.

रजा संपवून परत गेले तेव्हा स्पिनिंगमधली एक मुलगी माझी वाट पाहत होती. तिला चौथा होता. तिच्यामागे पॅकिंगमधली दुसरी. दोघींनाही माझ्यासारखा युनिफॉर्म पाहिजे होता. मी साहेबांकडे गेले, साहेब ऑफिसात गेले, आणि ऑफिसने विचारलं, शिवला कोणी? बोलवा त्यांना, नमुना घेऊ.

आता मावशींचं दुकान बंद आहे. डोळ्यांना सुई दिसेनाशी झाली तशी मुलीने त्यांना रायपूरला नेलं. शटरच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालं आहे. फोनवर त्या फार बोलत नाहीत, माझ्या मुलीला मात्र बोलायला लावतात. मी त्या जागेवरून जाते तेव्हा मला दुकान आठवत नाही. मला तो बुटीबोरीचा दिवस आठवतो.

मावशी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून कंपनीच्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसल्या होत्या. गेटवर सिक्युरिटीवाल्याने त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं, फोटो काढला आणि पास छापला. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, इथे सही. बाहेरच्या माणसासाठी कन्फर्म स्टाफचीच सही चालते."

मी सही केली. तशी सही मी त्या दिवसापर्यंत कधीच केली नव्हती.

मावशींनी दिवसभर त्या दोन मुलींची मापं घेतली, साहेबांना कफाची टिचबटणं स्वतः उघडून-लावून दाखवली आणि कॅन्टीनच्या वरणाला नावं ठेवली. संध्याकाळी गेटवर सिक्युरिटीवाल्याने हात पुढे केला. "मावशी, पास जमा करा."

मावशींनी गळ्यातल्या पासवर हात ठेवला.

"फोटो माझा, सही हिची. तू काय करशील रे याचं?"

सिक्युरिटीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. मावशी पास तसाच छातीवर ठेवून गेटमधून बाहेर पडल्या आणि बसच्या पहिल्या सीटवर जाऊन बसल्या.